डेटाबेसला विनंती अर्ज

सिद्धेश्वरीला पाच वाजायच्या आत वेब डिझाइनवरचे वीस शोधनिबंध हवे होते. नाही मिळाले तर पीएचडीचा विषय नामंजूर, आणि विषय गेला की वर्ष गेलं. घरच्यांनी सांगूनच ठेवलं होतं, औंदा जमलं नाही तर गुपचूप मोहोळला मामाच्या खताच्या दुकानात बसायचं.

आता निबंध होते कॉलेजच्या डेटाबेसमध्ये, आणि डेटाबेसचा पासवर्ड होता ग्रंथालयातल्या सोमलिंगअण्णांकडं. अण्णांच्या राज्यात कुणी स्वतः शोधायचं नाही. आपण अर्ज द्यायचा, टाइप अण्णा करणार. कोण बोलणार त्यांना?

तिनं अर्ज दिला. अण्णांनी चष्मा चढवला आणि सर्चच्या चौकटीत एकेका बोटानं सुरुवात केली: 'मा. महोदय, सविनय विनंती अर्ज करते की...'

"अण्णा, नुसतं वेब डिझाइन टाका की."

"असं तुटक कुणाकडं मागतेत व्हय? बत्तीस वर्षं नोकरी झाली माजी. अर्जाबिगर हितं कुणी कागद हलवला न्हाय, आन् ह्यो तर परदेशी डेटाबेस."

'आपली विश्वासू' येईस्तोवर साडेचार वाजले. उत्तर आलं: शून्य निबंध.

सिद्धेश्वरीनं हात जोडले. "अण्णा, पाया पडते. एकदा दोनच शब्द टाकून बघा."

"न्हाय म्हणाले न्हवं त्ये? परत परत मागून तरास द्यायचा न्हाय कुणाला," म्हणत अण्णांनी लॉगआउट केलं आणि वर दाखला लिहून दिला: 'सदर विषयावर जगात संशोधन नाही.' खाली गोल शिक्का.

तो कागद घेऊन ती तिच्या गाइडकडं, पंचाक्षरी सरांकडं गेली ती तोंड पाडूनच. सरांनी दाखला दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, कुणीच काम केलेलं नाही, यालाच रिसर्च गॅप म्हणतात. विषय मंजूर. कर फॉर्मवर सही."

"पण सर, निबंध ढिगानं आहेत. मोबाइलवर नावं बघितलीत मी."

सरांनी आवाज एकदम खाली आणला. "हळू बोल. माझी पीएचडी याच शिक्क्यावर झालीय. विषय होता कापूस."

सिद्धेश्वरीला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण वर्ष वाचत होतं. तिनं सरांचंच पेन घेतलं आणि सही केली.