दादांना पटलं

पक्ष मध्यापासून किंचित डावीकडे होता. किंचित म्हणजे किती, यावरून दर अधिवेशनात खुर्च्या सरकत. काही फेकल्याही जात. निवडणुकीत मात्र लोक एकच प्रश्न विचारून त्यांना घरी बसवत : ‘‘हे सगळं छान, पण पैसे कुठून आणणार?’’

म्हणून पक्षाध्यक्ष ताईंनी एक रीत पाडली होती. जाहीरनामा छापायच्या आधी तो आपल्या थोरल्या भावाला वाचून दाखवायचा. दादांचं रंगाचं दुकान. राजकारण्यांवर, बहीण धरून, त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ज्या कलमाला दादा हसले, ते कापायचं. गेल्या खेपेला ते मुखपृष्ठालाच हसले होते.

या खेपेला ताईंचा जीव एका कलमात अडकला होता : प्रत्येक वस्तीत सरकारी पाळणाघर, आणि खर्च रिकाम्या ठेवलेल्या फ्लॅटांवरच्या करातून. नर्स असताना त्या लेकीला शेजारणीच्या भरवशावर टाकून ड्युटीवर जायच्या. तेव्हापासून हे कलम त्यांच्या डोक्यात होतं.

पक्षाच्या कार्यालयात ताईंनी वाचलं. दादा हसले नाहीत. ‘‘पुन्हा वाच,’’ म्हणाले. पुन्हा वाचलं.

‘‘पटलं. पैसे कुठून येणार, तेही कळलं.’’



‘‘पटलं म्हणजे?’’ सरचिटणीस काकांनी विचारलं. उभा जन्म कामगार संघटनेत गेलेला माणूस.

‘‘म्हणजे पटलं.’’

‘‘अहो, पण तुम्ही दुकानदार! यात तुमचा काय फायदा?’’

‘‘सून कामाला जाते. नातू दिवसभर दुकानात. काल प्रायमरचा डबा डोक्यावर ओतून घेतला त्यानं.’’

‘‘इतकं सरळ कारण कुणाचं नसतं,’’ काका कुजबुजले. काकांची कुजबुज कोपऱ्यावर ऐकू जाते.

पक्षाच्या अर्थतज्ज्ञाने टाय सैल केला. हा टाय पक्षाने त्याला विश्वासार्ह दिसण्यासाठी घेऊन दिला होता. ‘‘पाळणाघरांना रंग लागेल,’’ तो म्हणाला. ‘‘तो कोण पुरवणार?’’

‘‘अरे वा! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं,’’ दादा म्हणाले. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं.

‘‘व्यापाऱ्याला पटलं म्हणजे आपण उजवीकडे घसरलो,’’ काका म्हणाले.

‘‘किंवा समोरच्यांनी त्यांना फोडलंय,’’ अर्थतज्ज्ञ म्हणाला.

‘‘माझा सख्खा भाऊ आहे तो!’’

‘‘म्हणूनच.’’

ताई हळूच म्हणाल्या, ‘‘माझ्या लग्नालासुद्धा तो इतक्या पटकन हो म्हणाला नव्हता.’’

कलम बदललं. ‘पाळणाघरांच्या शक्यतेचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्याचा विचार केला जाईल.’ दादांना आत बोलावून ऐकवलं. ते इतके हसले, की ठसका लागून त्यांना पाणी द्यावं लागलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. माणूस ठिकाणावर होता. रीतीप्रमाणे तेही कलम कापलं गेलं.

दादा जायला निघाले तशा ताई त्यांच्यामागे जिन्यापर्यंत आल्या.

‘‘दादा, माझी शपथ आहे. समोरचे लोक तुला भेटले होते ना?’’

‘‘भेटले होते की.’’ दादा चपला घालत होते.

‘‘बघ! काय म्हणाले?’’

‘‘म्हणाले, तुमची बहीण काही पाळणाघरं करायची नाही.’’ ते कठड्याला धरून एक पायरी उतरले. ‘‘मी भांडलो गं त्यांच्याशी.’’