रुग्ण प्रतिनिधीचं शहाळं

गयाबाईंचा शेवटचा मानाचा दिवस अंबरनाथच्या एका इस्पितळात, एसीच्या खोलीत गेला. डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या समितीत त्या ‘रुग्ण प्रतिनिधी’ होत्या. चार वर्षं सुया टोचून घेतल्यावर मिळालेली ही बढती! समितीने त्यांना बिल्ला लावला, फोटो काढला आणि हातात शहाळं दिलं. डायलिसिसच्या पेशंटला शहाळं वर्ज्य असतं, हे बारा तज्ज्ञांपैकी एकालाही आठवलं नाही.

“आता यांना मी शिकवायचं का गं?” शहाळं मुलीकडे सरकवत गयाबाई कुजबुजल्या. मायाला हसू आवरेना.

दोन तासांत त्यांना कुणी काही विचारलं नाही. सुई काढल्याबरोबर पेशंटला उठवू नका, चक्कर येते, अर्धा तास बसू द्या, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी डायलिसिस संपून सुई निघाली, खाट हवी म्हणून त्यांना लगेच उठवलं, आणि त्या जिन्यात कोसळल्या त्या कायमच्याच.

पुढे समितीची पुस्तिका निघाली. पहिल्याच पानावर गयाबाईंचा बिल्ल्यासकट फोटो होता. अर्धा तास कुठेच नव्हता. प्रकाशनाला अध्यक्ष डॉक्टरांनी मायाला शाल दिली.

“रुग्णांचा आवाज आम्ही ऐकला. ताई, दोन शब्द बोला.”

मायाने शाल टेबलावर ठेवली.

“आईने त्या दिवशी हात वर केला होता,” ती माइकवर म्हणाली. “तुम्हाला दिसला नाही, कारण मीच तो खाली ओढला. एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढे आपण काय बोलायचं, असं मीच तिला म्हणाले. तुमच्यापुढे! तुम्हीच तिला दिलेलं शहाळं हातात घेऊन मी बसले होते, तरी म्हणाले.”