नाना डावीकडे वळतो

भावाच्या उजव्या हाताचं मधलं बोट सतत काम करत होतं आणि त्याच्या शेजारची तर्जनी कीबोर्डापासून पेराएवढ्या अंतरावर हवेत थांबली होती. ती थरथरत नव्हती, आखडलेलीही नव्हती. ओल्या रंगाला लागू नये म्हणून एखादं बोट उचलून धरावं, तशी ती नुसती वर होती. ताईनं दारातूनच हे पाहिलं. खांद्यावरची पर्स काढायची राहिली होती.

"आलीस? दार लोटून घे," तो न वळता म्हणाला. "आणि ओळख, कोण आलंय."

स्क्रीनवर काळ्या खोलीत एक पिवळा, ठिपक्याठिपक्यांचा माणूस उड्या मारत होता. डोक्यावर टोपी, टोपीत पीस, हातात मशाल.

"नाना!" ताई म्हणाली. "हा जिवंत आहे अजून?"

"त्याला काय धाड भरलीय! आपल्या जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम मिळाला, त्यात बसवलाय त्याला. कॅसेटवरून खेळ चढताना व्हायच्या आवाजाचीसुद्धा नक्कल करतो. मघाशी पाच मिनिटं नुसता किंचाळत होता. लगेच सुरू कर म्हटलं तर करतो, पण मीच म्हटलं, असू दे. किंचाळल्याशिवाय नाना कसला?"

"आणि चहा?"

"केलाय. तुझा झाकून ठेवलाय."

तिनं चहा आणला आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. भावाचं चष्म्यांचं दुकान होतं आणि शनिवारी दुपारनंतर तो ते उघडत नसे. लहानपणी सापडेल ती वस्तू भिंगाखाली धरून बघायचा म्हणून तिनं त्याचं नाव भिंग्या ठेवलं होतं. पुढे धंदाही तोच निघाला. ती स्वतः वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती.

"आज एक नमुना भेटला," ती म्हणाली. "रंगांच्या कारखान्यातला. त्यांचा काटा थोडं जास्त दाखवायचा, म्हणून प्रत्येक वजनातून तेवढं वजा करायचं, असं याला कुणीतरी सांगून ठेवलेलं. काटा दुरुस्त होऊन वर्ष झालं. हा गडी वजा करतोच आहे."

"मुरलेला दिसतोय."

"मी विचारलं, का हो? तर म्हणे, बाई, हात बसलाय."

भाऊ हसला. नानानं एक दिवा लावला.

खरं म्हणजे तिला हे सांगायचंच नव्हतं. बसमधून येताना तिनं दुसरीच वाक्यं जुळवली होती. समुद्राकाठच्या एका शहरात नवी प्रयोगशाळा उभी राहत होती; वजनांची मूळ मापं जिथे सांभाळायची, तो विभाग उभारायला तिथल्या संचालकबाईंना ती हवी होती. त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आई राहिली नव्हती, पण भावाचा संसार मोडला होता आणि दोन बॅगा घेऊन तो नुकताच तिच्याकडे राहायला आला होता. दोन्ही वेळा ती "बघते" म्हणाली, आणि बाई समजायचं ते समजल्या. काल त्यांनी तिसऱ्यांदा फोन केला. सोमवारी काय ते पक्कं सांग, म्हणाल्या, नाहीतर मला दुसऱ्या कुणाला विचारावं लागेल. या वेळीही तिच्या तोंडून "बघते" गेलंच. याला एकट्याला टाकून कसं जायचं, हे तिला अजून सुचलं नव्हतं, आणि यातलं एक अक्षरही तिनं त्याच्याजवळ काढलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची खोड जुनीच होती. घोंगडं भिजत पडलं होतं.

"तिसरी खोली," भाऊ म्हणाला. "बघ, हाताला सगळं आठवतंय. डोक्याला विचारावंच लागत नाही."

तो जुना कॉम्प्युटर वडिलांनी ऑफिसातल्या कुणाकडून तरी वापरलेला घेतला होता. रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा. घरी आला तेव्हाच त्याचं 'ओ'चं बटण मेलेलं होतं, आणि नाना डावीकडे वळायचा तो नेमका त्याच बटणानं. बटणांखालचा पातळ पडदा मागवावा लागेल, केव्हा येईल सांगता येत नाही, असं दुरुस्तीवाला म्हणाला. आई म्हणाली, "चालतंय ना? मग राहू दे." त्या घरात टेबल विटेवर चालत होतं, नळ दोऱ्यावर चालत होता, मागच्या दाराची कडी चमच्यावर चालत होती. त्यात नाना एकाच दिशेनं चालला, तर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग बहीणभावांनी मिळून युक्ती काढली. नाना प्रत्येक खोलीत डावीकडच्या दारातून शिरायचा आणि तिथले सगळे दिवे लावले की पुढची खोली उघडायची. पुढे गेल्यावर मागचा दिवा लावायचा राहिला असेल, तर त्याला सरळ पाण्याच्या पिंपात उडी मारायला लावायची. नाना बुडायचा आणि पुन्हा डाव्या दाराशी उभा राहायचा. लावलेले दिवे लावलेलेच राहायचे. एक जीव खर्ची पडायचा, पण मागे येता यायचं. चौथ्या खोलीत तर दुसरा इलाजच नव्हता. उजवीकडच्या कोपऱ्यातला दिवा लावल्याशिवाय डावीकडची शिडी खाली येत नसे. असे जीव जात जात सातव्या खोलीपर्यंत सगळे संपायचे. आठवी खोली दोघांनी कधी पाहिली नाही. त्यांची एक मामेबहीण आपण शेवटपर्यंत गेल्याचं सांगायची. तिला त्यांनी थापाडी ठरवून टाकलं होतं.

चौथी खोली आली. भावानं नानाला फळ्यांवरून नेऊन कोपऱ्यातला दिवा लावला. डावीकडे शिडी खाली आली. नाना क्षणभरही न थांबता पिंपात शिरला. बुडबुड असा जुनाच आवाज झाला.

"हे काय केलंस?" ताई म्हणाली.

"काय केलं? चौथी खोली आहे ही."

"शिडी डावीकडे आलीय. चालत जायचं ना."

"अगं, पण 'ओ'..."

तो थांबला. त्यानं कीबोर्डाकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात घेतलेला, सगळी बटणं शाबूत असलेला कीबोर्ड. हवेतली तर्जनी त्यानं हळूच खाली टेकवली.

नाना वळला. टोपीतलं पीस इकडून तिकडे गेलं. दोघंही नकळत स्क्रीनकडे झुकले.

"पीस बघ," भाऊ म्हणाला.

"याला ही बाजू पण आहे तर."

त्यानं नानाला उजवीकडे नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. त्याची काही गरज नव्हती. "जातोय. येतोय. कसा शहाण्यासारखा येतोय बघ."

"म्हणजे मामेबहीण थापा मारत नव्हती."

"आणि आई आपल्याला म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच होतं, भिंग्या."

यावर दोघं पुष्कळ हसले. हसता हसता भावानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग खेळ पहिल्यापासून लावून तो उठला. "घे, आता तू खेळ. तुझा चहा गार झाला, गरम करून आणतो."

ताईनं खुर्ची पुढे घेतली. पहिल्या खोलीत ती दोनदा पडली, दुसरीत एकदाही नाही. तिसऱ्या खोलीत तिच्या लक्षात आलं, की खांदे सैल पडलेत आणि श्वास संथ झालाय. प्रयोगशाळेत काटा स्थिर होण्याची वाट बघताना व्हायचा तसा. चौथी खोली. फळी, फळी, उडी, कोपऱ्यातला दिवा. डावीकडे शिडी आली. नाना पिंपात शिरला.

बुडबुड.

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. हे दुसऱ्याच कुणीतरी केल्यासारखं तिला वाटलं. मग तिची नजर स्वतःच्या हातावर गेली. मधलं बोट उजवीकडे नेणाऱ्या 'पी'वर होतं. तर्जनी पेराएवढ्या अंतरावर वर.

भाऊ कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो हसेल असं तिला वाटलं. तो हसला नाही.

"हात बसलाय, बाई," तो म्हणाला, आणि कप तिच्यासमोर ठेवला.

तिनं एक घोट घेतला. स्क्रीनवर डाव्या दाराशी नाना पाय आपटत वाट बघत होता. कुणी काही केलं नाही, की तो तसाच पाय आपटायचा. हेही प्रोग्रॅमनं जसंच्या तसं उतरवलं होतं.

"तुझ्या दुकानावरची खोली," ती म्हणाली. "ते शिंपीकाका राहतात ती. बरं चाललंय का त्यांचं?"

"ते कुठे आता? मागच्याच वर्षी मुलीकडे राहायला गेले."

"मग कोण असतं?"

"कुणी नाही." भाऊ टेबलावर सांडलेला चहाचा थेंब बोटानं पुसत होता. "रंग काढून घेतला. गॅसही जोडलाय. खिडकीला जाळी तेवढी राहिलीय."

"भाड्यानं नाही दिलीस?"

"नाही दिली."

"बोलला नाहीस कधी."

"काय बोलणार? आलो तेव्हा तू म्हणालीस, राहा थोडे दिवस. मला वाटलं, आईच्या मागे तुला सोबत हवीय." त्यानं थेंब पुसलेलं बोट पँटला घासलं. "मग विषय कसा काढायचा, तेच कळेना."

"आणि मला वाटलं..." ताई म्हणाली. भावानं मान हलवली. त्याला ते वाक्य ऐकायची गरज दिसली नाही.

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताईनं हात पुन्हा कीबोर्डावर ठेवला. नानाला तिनं खोलीच्या मध्यापर्यंत आणलं. तिथून पुढे फळ्या होत्या आणि फळ्यांच्या पलीकडे पिंप.

"समुद्राकाठी नवी प्रयोगशाळा होतेय," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "तिथल्या संचालकबाईंनी मला विचारलंय. तिसऱ्यांदा."

आधीच्या दोन वेळा कधी, हे भावानं विचारलं नाही. तो शेजारच्या खुर्चीत बसला.

"तू काय म्हणालीस?"

"बघते म्हटलं."

"हं. मग बघितलंस?"

तिनं तर्जनी खाली आणली. बटणाचा लहानसा, कोरडा आवाज झाला. नाना वळला, टोपीतल्या पिसासकट, आणि शिडीच्या दिशेनं चालू लागला.

"सोमवारी हो म्हणून कळवते," ताई म्हणाली. "मी जातेय, भिंग्या."