पूर्ण एक मिनिट

दरवर्षी नर्सिंग कॉलेजातून पोरींची एक तुकडी आमच्या वॉर्डात येते आणि दरवर्षी मी कपाळाला हात लावते. सुई धरताना हात लटपटतात, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. यंदाचा नमुना तर विचारूच नका. तिचं नाव मी पाठांतरबाई ठेवलं होतं. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, असं पुटपुटल्याशिवाय ती साधी तापाची गोळीसुद्धा देत नसे. मनगटावरची पट्टी वाचायची आणि वर पुन्हा त्या माणसालाच नाव विचारायचं! बावीस वर्षं मी तोंड बघून औषध देत आले, माझं काही अडलं नाही.

सहा नंबरच्या खाटेवर एक आजोबा होते. हयातभर घरं रंगवलेले. त्यांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत, म्हणून रोज सकाळी डिगॉक्सिनची गोळी. ती ठोके हळू करते. द्यायच्या आधी पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि साठच्या खाली असले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, असं पुस्तक सांगतं. तीस खाटांच्या वॉर्डात एवढी फुरसत पुस्तक लिहिणाऱ्यालाच असणार. मी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची.

आजोबांची तीन दिवस एकच रड होती. लेकीने आणलेला डबा तसाच परत जायचा आणि भिंती म्हणे पिवळ्या.

"सिस्टर, हा पांढरा नाही हो. मला रंग कळतो."

"रंगाचा वास घेऊन घेऊन डोकं गेलंय," असं मी त्यांच्यादेखत म्हणाले होते.

त्या सकाळी पाठांतरबाई गोळीची वाटी हातात घेऊन त्यांच्या खाटेशी नुसतीच उभी. लेक डबा उघडत होती.

"सिस्टर, ठोके अठ्ठेचाळीस आहेत. गोळी थांबवावी लागेल."

मी मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. "सतरा. सतरा चोक अडुसष्ट. पाढे तरी येतात ना? आण ती वाटी."

आजोबांनी मुकाट्याने तोंड उघडलं. कार्टीने वाटीवर तळहात ठेवला.

"हात काढ. कॉलेजात कळवलं तर वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे." आवाज कापत होता, हात मात्र हलला नाही. "भूक गेलीये, पिवळं दिसतंय. औषध अंगात साठल्याची लक्षणं आहेत ही. आणि ठोके सारखे पडत नाहीत, मग पंधरा सेकंदांत काय कळणार? सिस्टर, तुमचा तक्ता बघा. अडुसष्ट, बहात्तर, चौसष्ट, बहात्तर. सगळ्यांना चारने भाग जातो."

लेकीचा चमचा थांबला. "म्हणजे काय हो सिस्टर? तुम्ही मोजतच नाही?"

माझं टाळकं सरकलं. चारचौघांत पाठांतरबाईची जिरवायची म्हणून मी स्टेथोस्कोप आजोबांच्या छातीवर टेकवला. पहिले पंधरा सेकंद ठोके भराभर आले, अगदी माझ्या हिशोबाने. मी तिच्याकडे तुच्छतेने पाहिलंसुद्धा. मग एक ठोका. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मी घाबरून आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघून हसले. मग पुढचा ठोका पडला. मिनिट संपल्यावर मी स्टेथोस्कोप कानांतून काढला.

"डॉक्टरांना बोलाव," मी म्हणाले.

डॉक्टरांनी गोळी बंद केली, रक्त तपासायला पाठवलं. अजून एक-दोन दिवस दिली असती तर हृदय बंद पडलं असतं, असं लेकीसमोरच म्हणाले. आधीच्या तीन दिवसांच्या तीन गोळ्या मीच दिल्या होत्या, ह्याच हाताने. मला माझी किळस आली. ज्या पोरीला मी हसत होते, तिच्यासमोर मान वर होईना.

तिने तक्ता आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी लिहिलं, सत्तेचाळीस. चारने भाग न जाणारा माझा पहिला आकडा.