फुकटचं सरपण

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे आक्कांना, फुप्फुसाचा कॅन्सर आहे हे कळायला डॉक्टरांना जवळजवळ वर्ष लागलं. तो कशानं झाला हे मात्र शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीला हातातला चहा संपायच्या आत कळलं. मिश्रीनं. बाई सकाळ-संध्याकाळ दातांना तंबाखूची मिश्री लावते, मग दुसरं काय होणार!

हे सगळ्यात मोठ्यानं सांगत सुटले ते आक्कांचे यजमान, माझे थोरले दीर गणपतराव. दवाखान्यात कोणी भेटायला आलं, की भाऊजी आधी तेच सुरू करायचे. "किती येळा सांगिटलं हिला, सोड ती मिश्री. आयकतीय कुठं?" आणि आक्का पलंगावर मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. मिश्रीची डबी त्यांनी स्वतःच्या हातानं गटारात रिकामी केली होती. मला म्हणाल्या, "माझंच चुकलं बघ, नंदिनी. मी माझ्या हातानं आनलो हे दुखनं." ते वाक्य आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी धाकटी जाऊ. हायस्कुलात विज्ञान शिकवते, आणि माझ्या तोंडाला लागू नये असं आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. त्यामुळे हे जरा तिखटच ऐकावं लागेल.

भाऊजींचा चपलांचे तळ कापायचा छोटा कारखाना आहे. तिथं रोज फोम, रेक्झिन आणि रबराच्या तुकड्यांचा ढीग पडतो. टाकायचा कुठं? तर घरी आणायचा. आमच्या परसात सासूबाईंच्या वेळचा तांब्याचा मोठा बंब आहे, त्याच्या पोटात तो ढीग रोज जायचा. कारखान्यातला कचरा जातो, वर पाणी तापतं, लाकडाला पैसा लागत नाही. भाऊजी पाहुण्यांना परसात नेऊन ती पोती दाखवायचे आणि म्हणायचे, "हे बघा पावणं, फुकटचं सरपण!" पावणंही मान डोलवायचे. हुशारीला आमच्याकडं तोटा नाही.

आणि हे सरपण घालणार कोण, तर आक्का. तीस वर्षं उजाडायच्या आधी उठून त्या बंबापुढं बसल्या. घरात आम्ही नऊ माणसं, शिवाय सराव करून आलेली, गल्लीतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची पोरं. सगळ्यांना पाणी कसं हवं, तर कडकडीत. गीझरचं पाणी म्हणजे आजारी माणसाचं पाणी, असं आमच्या घराचं ठाम मत. आक्का फुंकणीनं फुंकायच्या, पदरानं डोळे पुसायच्या, पुन्हा फुंकायच्या. काळा धूर आधी परसात साठायचा, मग गल्लीत जायचा. भाऊजी तोवर आतल्या खोलीत दार लावून झोपलेले असायचे. पाणी निघालं की हाक मारायची, असा रिवाज होता.

मग आक्कांना खोकला लागला. घरच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून टीबी सांगितला. थुंकीत टीबी सापडला नाही, तरी गोळ्या सुरूच. इकडं गोळ्या संपत होत्या आणि तिकडं एक्स-रेतला डाग वाढत होता. "औषध लागू व्हायला वेळ लागतो," असं डॉक्टर म्हणत राहिले. वजन उतरलं, पाठ दुखायला लागली, तेव्हा माझ्या नवऱ्याला, विश्वजितला, मी सांगितलं की आता कुणाला विचारायचं नाही, गाडी काढ. मोठ्या दवाखान्यात स्कॅन झालं, तुकडा काढून तपासला, आणि मग कॅन्सर हा शब्द घरात आला. नशीब एवढंच की चाकू लावण्याइतका वेळ अजून हातात होता.

तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. तपासाचा कागद समोर ठेवून त्यांनी समजावलं, की ह्या गाठीच्या पेशींत एक ठरावीक बदल सापडला आहे आणि त्यावर रोज घ्यायची गोळी आहे. हा बदल विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत, त्यातही बायकांत, जास्त दिसतो. "मिश्री वाईटच. सोडलीत ते उत्तम केलंत. तोंडाचा कॅन्सर होतो तिनं. पण ह्या फुप्फुसाचं खापर मी मिश्रीवर फोडणार नाही. घरात धूर असतो का?"

आक्का लगेच म्हणाल्या, "न्हाय वो. सैपाक ग्यासवर असतोय. धूर कसला?"

तीस वर्षं जो धूर छातीत घेतला तो त्यांच्या हिशेबात धूरच नव्हता. तो बंब होता. आमच्या पेठेत कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. चुलीला धूर असतो, बंबाला नसतो! मीच डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. फोम, रबर, रेक्झिन म्हटल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, की गेल्या काही वर्षांत ह्यावर बरंच संशोधन झालं आहे. असा बिघाड असलेल्या थोड्या पेशी पुष्कळांच्या फुप्फुसात असतात, पण त्या झोपलेल्या असतात. हवेतली अगदी बारीक धूळ, काजळी आत गेली की तिथं सूज येते, आणि त्या सुजेनं झोपलेली पेशी जागी होऊ शकते.

"म्हंजे निजल्यालं भूत आमी फुंकून उठिवलं," आक्का म्हणाल्या. एवढंच. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची मान वर झाली.

ऑपरेशन झालं. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. घरी सोडायला चार-पाच दिवस असतानाच एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावली: राहिलेल्या फुप्फुसाला धूर लागता कामा नये. उदबत्तीचासुद्धा नाही. म्हणजे आक्का घरी यायच्या आधी बंब बंद व्हायला हवा होता. मला दुसरं काही नको होतं. त्या एका गोष्टीसाठी मी कंबर कसली.

मी अदितीला घरी बोलावलं. अदिती विद्यापीठात हवेच्या प्रदूषणावर संशोधन करते. मागच्या वर्षी आमच्या गच्चीवर तिनं धूळ मोजायचं यंत्र लावलं होतं. तेव्हा भाऊजींनी तिला चहा पाजून यंत्राबरोबर फोटो काढून घेतला होता आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता. आता तिनं लॅपटॉपवर भाऊजींना त्या यंत्रानं नोंदवलेल्या धुळीची रेघ दाखवली. दिवसभर रेघ बरी असायची, आणि रोज पहाटे, बंबाच्या वेळेला, ती ताठ वर जायची.

"रस्त्याचा धूर असंल," भाऊजी म्हणाले. "गाड्या काय कमी हायत व्हय?"

"पहाटे तुमच्या गल्लीत गाड्या नसतात, काका."

भाऊजींनी मांडी बदलली. "बरं. मग शंभर टक्के सांग मला. हिचं दुखनं बंबानंच झालं म्हनून."

अदिती खरं बोलणारी मुलगी. ती म्हणाली, "एका माणसाच्या बाबतीत शंभर टक्के कुणालाच सांगता येत नाही. धुरानं धोका वाढतो, एवढं नक्की सांगता येतं."

"झालं तर!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "शास्त्रज्ञच म्हनतीय, सांगता येत न्हाय!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आणि मिश्रीचं?" मी ओरडले. "मिश्रीचं तुम्हाला शंभर टक्के कळलं होतं की! तेव्हा कुठलं यंत्र लावलं होतं? बायकोची चूक म्हटली की तुम्हाला पुरावा लागत नाही. स्वतःच्या पोत्यांवर आलं की शंभर टक्के पाहिजे होय?"

विश्वजित फोनमध्ये डोकं घालून बसला, आणि त्याचाही मला राग आला. भाऊजींनी परसातल्या पोत्यांकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "बरं. न्हाय पेटवत. आंबाबाईची शपथ." मी दुसऱ्याच दिवशी गीझर आणून बसवला. पोती उचलायला मात्र त्यांनी हात लावला नाही. "नेतो की सावकाश," म्हणाले. मी शपथेवर विश्वास ठेवला, कारण आमच्या घरात आंबाबाईची शपथ उगाच कोणी घेत नाही.

आक्कांना घरी आणायचा दिवस आला. विश्वजितनं गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली, आत गाडी जात नाही. तालमीच्या पोरांनी आक्कांचा हसरा फोटो घालून डिजिटल बोर्ड लावला होता, आणि दोघं जण फटाक्यांची माळ सोडत होते. मी दार उघडून धावले आणि माळ हिसकावून घेतली. पोरं वरमली. "चुकलं वैनी, ध्यानात आलं न्हाय." मला बरं वाटलं. म्हटलं, चला, वेळेवर पोचलो.

आणि वास आला.

तो वास आमच्या गल्लीत कुणालाही डोळे मिटून ओळखता येतो. जळणाऱ्या चपलेचा वास. मान वर केली तर आमच्याच घरामागून काळा धूर निघत होता.

मी चपला न काढता थेट परसात गेले. भाऊजी बंबापुढं उकिडवे बसले होते. हात काळे, कपाळ काळं, डोळ्यांतून पाणी. एका हातात फुंकणी आणि दुसऱ्यात फोमचे तुकडे. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं बंब पेटवला होता. मला बघून ते चक्क हसले.

"पानी कडकडीत झालंय. आन तिला."

"भाऊजी, शपथ घेतली होती तुम्ही!"

"आगं, आज एक दिस. दवाखान्यातनं आलीय, अंगावरनं पानी घेतल्याबिगर देवघरात कशी जाईल? आनि गीझरचं कोमट पानी तिला घालू व्हय? तिच्यासाठीच पेटिवलाय की!"

"त्यांचे टाके ओले करायचे नाहीत! त्यांना आंघोळच करायची नाही अजून! ऐकलं होतं का कुणी त्या डॉक्टरांचं?"

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. थोरल्या दिराला बोलू नये असं बरंच होतं. प्रेमानं केलं, प्रेमानं केलं, असं शेजारच्या बाळाबाई मागून म्हणत होत्या, आणि मला त्या प्रेमाचाच संताप येत होता. तीस वर्षं जिला धुरात बसवलं तिच्यावरचं प्रेम दाखवायचं तर तेही धुरानंच!

मागं खोकला ऐकू आला. आक्का विश्वजितच्या हाताला धरून परसाच्या दारापर्यंत आल्या होत्या. खोकताना छातीला धरायला दवाखान्यानं उशी दिली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. मी त्यांच्या नाकाला पदर लावायला गेले, त्यांनी हात बाजूला केला. नवऱ्याकडं बघत होत्या.

"डोळं चुरचुरत्यात न्हवं?" त्यांनी विचारलं.

भाऊजींनी बाहीनं डोळे पुसले. "लई. कसं काय बसत हुतीस गं रोज?"

"कवा इचारलं न्हाईसा."

आक्कांनी दम घेतला. एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागत होतं.

"नंदिनी, गाडी हाय न्हवं भाईर? मला माहेरी, गगनबावड्याला सोड. दादाकडं जातो मी."

"आगं, विझवतो की! हे बघ, आत्ता विझवतो," म्हणत भाऊजींनी तापलेल्या पाण्याचीच बादली आत ओतली. भसकन् वाफ आणि धूर एकदमच उठला. मी आक्कांना ओढून बाहेरच्या सोप्यात आणलं. भाऊजी खोकत मागोमाग आले. "इझला. बघ, इझला. आता कुठं जातीस?"

"इझल्याला उद्या पेटतोय. मोडीत घाला त्यो. मग येतो."

"मोडीत?" भाऊजी असे दचकले, की जणू कुणी घर विकायला सांगितलंय. "आईचा बंब हाय त्यो. आईची तेवढीच आठवन ऱ्हायलीय घरात."

"व्हय," आक्का म्हणाल्या. "आनि मी बी आठवनच झाल्यालो असतो."

बाळाबाईंनी भाकरतुकडा ओवाळायला आणला होता, तो त्यांच्या हातातच राहिला. आम्ही निघालो. गल्लीतून जाताना तालमीची पोरं बोर्डाखाली उभी होती, त्यांनी वाट दिली. गाडीत बसल्यावर मी आधी गगनबावड्याला आक्कांच्या भावाला फोन लावला आणि पाणी कशावर तापवता ते विचारलं. "ग्यासवर," तो म्हणाला. "का वो?" मी नुसतं "येतोय आम्ही" म्हणाले.

आक्का अजून तिकडंच आहेत. गोळी रोज घेतात, अंगणात थोडं चालतात. मी सुट्टीला जाऊन येते. इकडं भाऊजी मला सांगतात, की आता फोम-बिम काही नाही, नुसती लाकडं घालतो, तीही वाळलेली, तेवढ्यानं काय होतंय? मी उत्तर देत नाही, कारण दिलं तर पेठेत ऐकू जाईल. बंब परसात आहे. चिंचेनं घासून लख्ख केलाय.

रोज संध्याकाळी भाऊजी गगनबावड्याला फोन लावतात. आक्का उचलतात आणि एकच विचारतात, "गेला का?"

"आगं, आयकून तर घे—"

आक्का फोन ठेवतात.