विरघळेपर्यंत

मुंगीच्या आईने लेकीच्या औषधाची पाव गोळी वाटीत टाकली, चमच्याच्या पाठीने चिरडली, उकळून गार केलेलं पाणी त्यावर ओतलं आणि ढवळून चमचा बाजूला ठेवला. मग तिने हात जोडले, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटायला लागली. समोर बसलेली मिशनबाई चमकलीच. ते शब्द तिच्या स्वतःच्या भाषेतल्या प्रार्थनेचे होते, समुद्रापलीकडे तिच्या आईने तिला शिकवलेले. मोडकेतोडके होते, पण तेच होते.

"चुकलं का काही?" आईने एक डोळा उघडून विचारलं.

"नाही. म्हणजे, हे कुठे शिकलीस तू?"

"तुम्ही म्हणता की दोन्ही वेळेला. परवा आल्यापासून ऐकतेय. मधलं काही नीट पकडता येत नाही, तेवढं सावकाश सांगा. डॉक्टर म्हणाले, या औषधात कमी-जास्त झालं तर पोरीच्या जिवावर बेतेल."

 मिशनबाईने उगीचच टेबलावरचा पुसलेला कोपरा पुन्हा पुसला.

मुंगीच्या काळजाची एक झडप जन्मापासून नीट मिटत नव्हती. चार पावलं चालली की ओठ निळे पडायचे आणि पोर मटकन खाली बसायची. अंगावर थोडं मांस चढल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, तोवर हे औषध सकाळ-संध्याकाळ द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा आई दुसऱ्या खेपेला अवघडलेली, अंथरुणावरून उठायचं नाही अशी ताकीद मिळालेली. बाप बोटीवर कामाला. म्हणून मिशन हॉस्पिटलच्या गल्लीत मिशनबाईच्या घरात मुंगीला आणून ठेवलं. थोडे दिवस सांभाळा, म्हणाले होते. त्या थोड्या दिवसांत मुंगीचे दोन दात पडून नवे आले, आणि मिशनबाई तिची 'मावशी' झाली. आता आई हिंडती-फिरती झाली होती. तान्ह्याला जावेकडे ठेवून ती लेकीला न्यायला आली होती, आणि दुपारच्या गाडीने दोघी निघणार होत्या.

"आधी औषध दे तिला," मिशनबाई म्हणाली. "विरघळलंय."

आईने चमचा भरून मुंगीच्या ओठांशी नेला. मुंगीने तोंड उघडलं नाही. ती मावशीकडे बघत राहिली.

"घे ना गं, सोन्या."

मुंगी ढिम्म. शेवटी मिशनबाई हळूच "आमेन" म्हणाली आणि मुंगीने पाखराच्या पिल्लासारखा आ केला. औषध पोटात गेलं. आईने चमचा वाटीत ठेवला, पण तिचा चेहरा उतरला तो उतरलाच.

"बघा. माझं नुसतं बोलणं पुरत नाही. तुमचं ते शेवटचं लागतंच."

पोरीच्या या सवयीला मिशनबाईशिवाय दुसरं कोणी जबाबदार नव्हतं. पहिल्या दिवशी नर्सने बजावलं होतं, गोळी पुरती विरघळेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. थांबायचं म्हणजे त्या पोरीच्या निळ्या ओठांकडे बघत बसायचं. ते मिशनबाईला जमेना, म्हणून तिने डोळे मिटून प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. शेवटाशी आलं की डोळे उघडून बघायचं. वाटीत कण दिसला की पुन्हा पहिल्यापासून. पाणी निवळलं की आमेन आणि चमचा. मुंगीला त्या शब्दांचं काय कळणार? आमेन झालं की आ करायचा, एवढं मात्र ती पक्कं शिकली.

खरं म्हणजे मिशनबाईने आनंदाने नाचायला हवं होतं. ती या देशात देवाचं नाव सांगायला आली होती. इतक्या वर्षांत रविवारी तिच्यापुढे माणसं बसायची ती बरीचशी पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून, आणि गल्लीतली पोरं तिच्या उच्चारांची नक्कल करून एकमेकांना हसवायची. मला तुमची प्रार्थना शिकवा, असं आजवर एकानेही म्हटलं नव्हतं. आणि आता ही बाई हात जोडून मागत होती, तेही एकेक शब्द नीट यावा म्हणून. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशी गत. पण देवाने दिलेले हे डोळे जरा तिरळेच दिसत होते. शिकव म्हणावं, तर औषधाचाच भाग म्हणून शिकवल्यासारखं होणार, आणि ते खोटं. याची गरज नाही म्हणावं, तर प्रार्थनेने काही होत नाही हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यासारखं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शिवाय मुंगी जाऊच नये असं तिला वाटत होतं. इतकी माया बरी नव्हे हे कळत होतं, तरी वाटत होतं. आज सकाळपासून नेमकं कशासाठी प्रार्थना करतोय, हेही तिचं तिला सांगता आलं नसतं.

आई मोरीत वाटी विसळत होती. पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून तिने विचारलं, "बाई, एक राहिलंच. समजा गोळ्या संपल्या आणि रस्ता बंद असला, गाडी आली नाही, तर तोवर नुसतं हे म्हटलं तर चालेल ना?"

"नाही!"

मिशनबाई इतक्या जोरात ओरडली की मुंगी दचकली आणि आईच्या हातातली वाटी मोरीत पडली.

"नाही चालणार. अजिबात नाही. रस्ता बंद असेल तर चालत जा, तिला कोणाच्या खांद्यावर बसवून ने, पण गोळी आण. हे माझं म्हणणं औषध नाहीये. गोळी औषध आहे. तू काहीसुद्धा म्हटलं नाहीस तरी गोळी तिचं काम करेल."

बोलून झालं. ती खाटेच्या कडेवर टेकली. आई ओल्या हातांनी तशीच उभी होती.

"मग तुम्ही कशाला म्हणत होता?"

याचं उत्तर मिशनबाईला पाठ होतं. ते ती दर रविवारी द्यायची. आत्ता मात्र त्यातला एक शब्द जागचा हलेना.

"मला भीती वाटायची," ती म्हणाली.

"तुम्हाला?"

"मला. डोस जास्त पडला तर? उशीर झाला असेल तर? हात कापायचे माझे. ते म्हटलं की जरा थांबायचे."

 आई पदराला हात पुसून मुंगीपाशी बसली आणि तिच्या सँडलचे पट्टे बसवायला लागली. एक पट्टा बसला, दुसरा बसेना. ती खाली बघूनच बोलली.

"मला वाटलं, तुम्हा लोकांना भीती वाटत नसेल. देव तुमचा, हॉस्पिटल तुमचं."

 मुंगीने पाय पुढे केला आणि अगदी मोठ्या बाईसारखं म्हणाली, "मावशी भित्री आहे. झुरळाला पण भिते."

दोघींनाही हसू आलं, आणि हसता हसता मिशनबाईचे डोळे भरले ते तिने लपवले नाहीत.

निघायच्या वेळी मुंगी रडली. मावशीच्या गळ्यातून तिचे हात सोडवावे लागले. आईने तिला कडेवर घेतलं, दोन पायऱ्या उतरली आणि वळली.

"मी विचार केला, बाई. गोळी मी देईन, वेळेवर. चुकणार नाही. पण तुमचं ते मला जमायचं नाही. ते तुम्हीच म्हणा, इथून. दोन्ही वेळेला. म्हणाल ना?"

मघाचं तिला कळलं होतं की नव्हतं? कळूनच ती हे मागत होती, की अजूनही औषधाची अर्धी जबाबदारी वाटून देत होती? मिशनबाईने तिच्या चेहऱ्यावर शोधलं, पण तिथे घाई आणि ऊन यांच्याशिवाय काही दिसेना.

"म्हणेन," ती म्हणाली.

संध्याकाळी औषधाच्या वेळेला ती टेबलाशी येऊन बसली. खिडकी लोटून घेतली. तिकडे आता वाटीत पाणी ओतलं असेल, मुंगीने तोंड घट्ट मिटलं असेल. तिने हात जोडले आणि डोळे मिटून सुरुवात केली. शेवटाशी आल्यावर सवयीने डोळे उघडून समोर बघितलं, तर नुसतंच टेबल. आमेन म्हणायची वेळ झाली की नाही, हे सांगायला तिथे काहीच नव्हतं. म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.