बावीसची अम्मन

“अंजलैअक्का, दगड नटवतेस की नवरी? हरभऱ्याचं सुंडल गार होतंय इकडं!” वेडियप्पन ओरडला.

“नवरीच आहे. तू वऱ्हाडी आहेस की नुसता जेवायला आलायस, ते आधी सांग,” असं म्हणत अंजलैनं किलोमीटरच्या दगडाला चंदनाचा आणखी एक पट्टा ओढला.

आयुधपूजा होती. अलैयूरकुप्पमच्या कोळ्यांनी जाळी पुजली, रिक्षावाल्यांनी रिक्षा पुजल्या. रस्त्याचं काम करणाऱ्या टोळीनं घमेली, फावडी आणि दगड पुजायचा, ही रीतच होती. पण यंदा अंजलैच्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. उद्या विजयादशमीच्या मुहूर्तावर रुंदीकरणाला हात लागणार होता. कुप्पमला, कोळ्यांच्या या वस्तीला, पदपथ मिळणार होता! बायकांना मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बसगाड्यांच्या अंगाला घासत चालावं लागणार नव्हतं. दगड मात्र निघणार होता. त्याची ही शेवटची पूजा, म्हणून झेंडूचा हार तिनं चांगला हातभर जाड आणला होता.

हा दगड तिच्या नवऱ्यानं, देसिंगूनं रोवलेला. तो सांगायचा, माझ्या लहानपणी चेन्नईहून इकडं यायला धड रस्ता नव्हता. एका कुप्पममधून दुसऱ्यात जायला वाळूतली गाडीवाट, आणि खाडी आडवी आली की होडी. मग सरकारनं ते तुकडे जोडून राज्य महामार्ग केला आणि देसिंगू टोळीत लागला. स्वतःच्या गावासमोरच्या दगडाला त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. रस्ता झाला आणि त्याच रस्त्यानं शहर चालत चालत त्यांच्या दाराशी आलं. बंगले आले, हॉटेलं आली, गाड्यांना अंत राहिला नाही. एके सकाळी याच अरुंद वळणावर दगडाला चुना देत असताना मागून बस आली. देसिंगूची नोकरी अंजलैला मिळाली, त्याचा कुंचलाही.

कापूर पेटला, कोहळा फुटला. तेवढ्यात एक बस थांबली आणि एक बाई धावत उतरून दगडासमोर हात जोडून उभी राहिली. चंदनकुंकवाखाली बावीसचा आकडा कुठं दिसत होता!

“कुठली देवी, कुठली अम्मन हो ही?” तिनं विचारलं.

“बावीसची अम्मन!” वेडियप्पन गंभीर तोंड करून म्हणाला. “फार कडक आहे.”

बाईनं गालावर चापट्या मारून घेतल्या आणि बसमध्ये चढली. टोळी हसून हसून लोळली. अंजलैच्या डोळ्यांतून तर पाणी आलं. पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नसतो, म्हणून दगड तसाच सजलेला ठेवून सगळे घरी गेले.

सकाळी ती उजाडताच निघाली आणि वळणावर येऊन थबकली. दगडाभोवती हीऽऽ गर्दी! दिवे, लिंबांच्या माळा, वर केळीचे खांब. कुणीतरी दगडाला लाल पातळ नेसवलं होतं. पलीकडं खोदाईचं यंत्र हार घालून उभं होतं आणि त्याचा चालक शेल्लदुरै खाली बसून विडी ओढत होता.

“मुहूर्त चाललाय की रे!” अंजलै म्हणाली.

“अक्का, मला दोन लेकरं आहेत. अम्मनला मी हात लावणार नाही.”

“अरे, ही कसली अम्मन? किलोमीटरचा दगड आहे!”

“काल होता. आज मी स्वतः नारळ फोडलाय.”

वेडियप्पन मान खाली घालून उभा होता. “मी गंमत केली गं,” तो पुटपुटला.

अंजलैला ठाऊक होतं, पुढं काय होतं ते. वरच्या गावात असाच एक दगड देव झाला होता. तिथं रस्ता दोन्हीकडून रुंद होत आला आणि देवळापाशी तसाच चिंचोळा राहिला. कुणाची छाती झाली नाही.

शेजारची म्हातारी कासियम्मा तिच्या कानाशी लागली. “राहू दे ना गं पोरी. देसिंगूनं रोवलेला दगड. देऊळ होईल, दिवा लागेल. त्याच्या नावाचं काहीतरी राहील की!”

तिला मोह झाला. खोटं कशाला सांगा, फार मोठा मोह झाला. जिथं तिचा माणूस पडला तिथं रोज फुलं पडणार होती! तेवढ्यात मागून कर्कश हॉर्न वाजला. टोपली घेतलेली एक पोरसवदा बाई बसला चुकवायला भिंतीशी चिकटली आणि टोपलीतली मासळी डांबरावर सांडली.

अंजलै पुढं झाली. तिनं वाकून नमस्कार केला, हार काढला, पातळ सोडलं. “अगं, कोप होईल!” गर्दीतून कुणीतरी किंचाळलं.

“होऊ दे माझ्यावर! माझ्या नवऱ्यानं रोवलाय हा. माझ्यापेक्षा जास्त कोण पुजणार याला?” घमेल्यातलं पाणी तिनं दगडावर ओतलं आणि दोन्ही तळव्यांनी चंदन घासून काढलं. हिरवा माथा दिसला, मग काळी अक्षरं आणि आकडा. मामल्लपुरम, बावीस.

गर्दी वाकून आकडा वाचू लागली. कालची ती बसमधली बाईही त्यात होती. तिनं हळूच आपला नारळ उचलून घेतला.

“पहार आण,” अंजलै वेडियप्पनला म्हणाली. पहिला घाव तिनं स्वतः घातला. मग शेल्लदुरै उठला, विडी टाकली आणि यंत्रावर चढला. दगड सुटला तेव्हा पोरांनी आरोळी ठोकली, बायकांनी टाळ्या पिटल्या. अंजलैही हसली, मोठ्यानं हसली, आणि हार यंत्राच्या दांड्याला बांधून टाकला.

दुपारी दगड ट्रॅक्टरमधून गेला. ती खड्ड्यात माती लोटत होती. एक मोटारसायकलवाला थांबला, सवयीनं वळणाकडं पाहू लागला आणि गोंधळला.

“अम्मा, मामल्लपुरम किती राहिलं?”

अंजलै कंबर सरळ करून उभी राहिली. हाताला अजून कुंकू होतं.

“बावीस,” ती म्हणाली. “सावकाश जा, बाळा.”